बाबांची बॅटरी किती उरलीय?

मोबाईल दिवसातून दोनदा चार्जिंगला लावल्याशिवाय आपलं पान हलत नाही. आणि छातीत बसवलेली इवलीशी बॅटरी मात्र दहा-दहा वर्षं चालते! कशी काय? आणि ती वेळेआधीच संपली, तर चूक कुणाची?

"कुणाकडे चार्जर आहे का रे?"

दुपारी चारच्या चहाला आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न हमखास येतो. मग कुणी बॅगेतून पॉवर बँक काढतं, कुणी ब्राइटनेस कमी करतं, कुणी मागे उघडी राहिलेली डझनभर अ‍ॅप्स बंद करत बसतं. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की आपला जीव खालीवर व्हायला लागतो. पाच टक्क्यांवर आली की माणूस अक्षरशः भिंतीला चिकटून उभा राहतो, कारण सॉकेट तिथेच असतो!

गेल्या महिन्यात असाच प्रश्न आला, तेव्हा आमच्या ग्रुपमधला एक मित्र चहाचा घोट घेत शांतपणे म्हणाला, "तुमची बॅटरी संपली तर तुम्ही रील बघायचे थांबता. माझ्या बाबांची संपली तर?"

टेबलावर एकदम शांतता. त्याच्या बाबांना पेसमेकर आहे, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्या पेसमेकरलाही बॅटरी असते, ती उतरते, आणि ती कशी वापरायची हे ठरवता येतं, हे मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यालाही नव्हतं. आणि त्याची किंमत त्याच्या बाबांनी मोजली.

दिवे बंद करणारे काका

काका साताऱ्याचे. वीज मंडळात मीटर रीडिंगपासून सुरुवात करून बिलिंग सेक्शनमधून रिटायर झालेले. त्यांच्या घरी गेलात तर एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात येते. तुम्ही खोलीतून बाहेर पडलात, की मागून 'टक' असा आवाज येतो. काकांनी दिवा बंद केलेला असतो. टीव्ही रिमोटने बंद केलेला त्यांना चालत नाही, भिंतीवरचं बटणच बंद करावं लागतं. "तो लाल ठिपका फुकट जळतो ना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

२०१६ च्या जुलैमध्ये काका बाजारात चक्कर येऊन पडले. निदान झालं हार्ट ब्लॉक. म्हणजे रक्तवाहिनीतला अडथळा नव्हे बरं का! हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा विजेचा निरोपच मधे अडकत होता. पुण्यात पेसमेकर बसवला. काका आठ दिवसांत टुणटुणीत. डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिलं होतं: "तीन महिन्यांनी तपासणी."

तीन महिन्यांनी मित्राचं ऑफिसमध्ये रिलीज होतं. काका म्हणाले, "अरे, मला काही होत नाहीये. उगाच कशाला पुण्याला खेपा?" मग दिवाळी आली. मग बहिणीचं लग्न. पुढे कधीतरी गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो छान आला. नंतर तर लॉकडाऊनच लागला. असं करत करत साडेपाच वर्षं गेली. त्या साडेपाच वर्षांत छातीत नेमकं काय चाललं होतं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं. अगदी पहिल्या पेसमेकरपर्यंत.

बुटाच्या पॉलिशची डबी

८ ऑक्टोबर १९५८. स्वीडनमधलं कारोलिन्स्का हॉस्पिटल. आर्ने लार्सन नावाचे ४३ वर्षांचे गृहस्थ दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडत होते. त्यांची बायको एल्स-मारी हिने सर्जन ओके सेनिंग आणि इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट या दोघांच्या मागे भुणभुण लावली होती, की काहीतरी करा आणि पूर्णपणे शरीराच्या आत बसेल असं यंत्र बनवा. एल्मक्विस्टनी ट्रान्झिस्टर आणि बॅटरी एकत्र जोडून त्यावर इपॉक्सी ओतलं. साचा म्हणून काय वापरलं? बुटाच्या पॉलिशची डबी!

जगातला पहिला शरीरात बसवलेला पेसमेकर तो हाच. काही तासांतच तो बंद पडला. लगेच दुसरा बसवला. पण गंमत पुढेच आहे. त्यात निकेल-कॅडमियमची रिचार्जेबल बॅटरी होती आणि ती त्वचेबाहेरून, तार न लावता चार्ज करायची सोय होती. म्हणजे आपण 'लेटेस्ट' म्हणून मिरवतो ते वायरलेस चार्जिंग लार्सनसाहेबांच्या पोटाशी १९५८ मध्येच हजर होतं!

लार्सन पुढे २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांपेक्षाही जास्त. पण तेवढ्या काळात त्यांना एकूण २६ पेसमेकर लागले. सव्वीस! बॅटरीचा प्रश्न किती मोठा होता, हे सांगायला हा एक आकडा पुरेसा आहे.

१९६० मध्ये अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच या इंजिनिअरचा पेसमेकर आला. त्यात पाऱ्याच्या बॅटऱ्या होत्या. त्या जेमतेम दोन वर्षं टिकायच्या, त्यातून वायू सुटायचा आणि म्हणून यंत्र पूर्ण सीलबंद करता यायचं नाही. मग लोकांनी डोकं किती लढवलं बघा. १९७० मध्ये पॅरिसमध्ये चक्क प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. प्लुटोनियम-२३८ ची शक्ती निम्मी व्हायला सुमारे ८८ वर्षं लागतात, त्यामुळे बॅटरीची चिंताच मिटली. मात्र छातीत किरणोत्सारी पदार्थ घेऊन फिरणाऱ्या माणसाचा आयुष्यभर हिशेब ठेवायचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते यंत्र परत मिळवायचं, ही नवी डोकेदुखी सुरू झाली.

यावर उतारा मिळाला तो लिथियमचा. लिथियम-आयोडिन बॅटरी असलेला पेसमेकर १९७२ मध्ये इटलीत पहिल्यांदा माणसाला बसवला. वायू नाही, गळती नाही, टायटॅनियमच्या डबीत पक्कं सील. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही बॅटरी अचानक दगा देत नाही. तिचा दाब हळूहळू उतरतो, त्यामुळे ती संपत आल्याचं आधी कळतं. ग्रेटबॅच यांनी हीच बॅटरी पुढे सुधारली. आजही बहुतेक पेसमेकर लिथियमच्याच बॅटरीवर चालतात.

पण मुद्द्याची गोष्ट अशी, की पेसमेकरची बॅटरी रिचार्ज होत नाही. ती संपली, की पुन्हा ऑपरेशन. जुना कप्पा उघडायचा, डबी काढायची, नवी बसवायची. ऑपरेशन तसं छोटं असतं, पण त्याच जागी पुन्हा चीर दिली की जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. म्हणून इथे बॅटरी वाचवणं म्हणजे एक ऑपरेशन पुढे ढकलणं.

महिन्याचं बजेट नव्हे, दहा वर्षांचं

आता जरा हिशेब करू. घाबरू नका, सोप्पा आहे.

तुमच्या मोबाईलची बॅटरी साधारण ५००० मिलिअँपिअर-अवरची. पेसमेकरची धरा १०००. म्हणजे तुमच्या फोनच्या पाचवा हिस्सा. ती दहा वर्षं पुरवायची तर वापर किती ठेवावा लागेल? दहा वर्षांचे तास होतात ८७,६००. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ११ मायक्रोअँपिअर. म्हणजे एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या अकरा पट. बस्स!

किती कमी आहे हे? काकांना खुपणारा टीव्हीवरचा तो लाल ठिपका पाच मिलिअँपिअर खातो असं धरलं, तर पेसमेकरची अख्खी बॅटरी तो आठ-नऊ दिवसांत संपवेल.

एवढ्याशा खर्चात काम काय करायचं? मिनिटाला ६० ठोके धरले तरी दिवसाला ८६,४०० ठोके आणि दहा वर्षांत साडेएकतीस कोटी. शिवाय हृदय स्वतःहून धडधडलं का, हे सतत ऐकत बसायचं. नोंदी ठेवायच्या. तपासणीच्या वेळी बाहेरच्या मशीनशी बोलायचं. हे सगळं त्या अकरा मायक्रोअँपिअरमध्ये. आपल्या आया पूर्वी एका पगारात महिना काढायच्या, त्यातलाच हा प्रकार.

मग इंजिनिअर आणि डॉक्टर ही काटकसर करतात कशी? मुख्य फंडे तीन.

पहिला: गरज असेल तेव्हाच. सुरुवातीचे पेसमेकर आंधळेपणाने ठोके देत राहायचे. हृदय स्वतः नीट चालत असलं तरीही. १९६० च्या दशकात 'डिमांड' पेसमेकर आले. हे आधी ऐकतात. ठोका आला? गप्प बसतात. नाही आला? मग आपला देतात. कामावर असलेल्या माणसाला उगाच ढोसायचं नाही, हे तत्त्व! आजच्या यंत्रांना याच्याही पुढचं शिकवता येतं. हृदयाला स्वतःहून ठोका द्यायला अजून जराशी सवड देणं, किंवा रात्री झोपेत वेग ६० वरून ५० वर आणणं.

दुसरा: गरजेपुरताच जोर. हा सगळ्यात मोठा. हृदयाचा स्नायू किमान किती व्होल्टला दाद देतो, त्याला 'थ्रेशोल्ड' म्हणतात. समजा तो पाऊण व्होल्ट आहे. मग यंत्र त्याच्या दुप्पट किंवा थोडं जास्त ठेवलं जातं, कारण हृदयाशी कंजुषी करून चालत नाही. आता बघा. कालावधी तोच ठेवून व्होल्टेज अर्धं केलं, तर ठोक्याला लागणारी ऊर्जा अर्धी नाही, एक चतुर्थांश होते! त्यात बॅटरी स्वतः असते २.८ व्होल्टच्या आसपास. त्यापेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं, की यंत्राला ते आत वाढवून द्यावं लागतं आणि बॅटरीवर दुप्पट भार पडतो. म्हणून अडीच व्होल्ट ही एक लक्ष्मणरेषाच आहे म्हणा ना. शक्य असेल तर तिच्या आत राहायचं.

तिसरा: गरजेपुरताच वेळ. एक ठोका म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही अर्धा तुकडा. तो अगदीच आखूड केला तर जोर जास्त लागतो, लांबवला तर ऊर्जा वाया जाते. मधला फायद्याचा बिंदू शोधावा लागतो. चेता आणि स्नायूंचा हा हिशेब लुई लापिक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०९ मध्येच मांडून ठेवला होता. पेसमेकर यायच्या जवळपास पन्नास वर्षं आधी!

साडेपाच वर्षं फुल व्हॉल्यूम

आता परत काकांकडे येऊ.

पेसमेकर बसवला की तारेचं टोक हृदयाच्या स्नायूला टेकतं. तिथे सुरुवातीला सूज येते आणि थ्रेशोल्ड वाढतो. काही आठवड्यांत सूज उतरते, थ्रेशोल्डही खाली येऊन स्थिरावतो. म्हणून पहिले काही आठवडे डॉक्टर मुद्दाम जोर जास्त ठेवतात. सुरक्षितता आधी. आणि तीन महिन्यांनी बोलावतात ते हाच जोर उतरवण्यासाठी. तपासणीचा तो कागद म्हणजे नुसता रिवाज नव्हता, बॅटरीच्या काटकसरीची खरी सुरुवात होती.

काका गेलेच नाहीत.

काही नव्या यंत्रांत थ्रेशोल्ड स्वतः मोजून जोर स्वतःच कमी करायची सोय असते. काकांच्या मॉडेलमध्ये ती नव्हती. सुरुवातीला ठेवलेले पाच व्होल्ट तसेच राहिले. काकांचं हृदय जवळजवळ पूर्ण वेळ पेसमेकरवरच चालायचं, म्हणजे पहिल्या फंड्याचा काही उपयोग नव्हता. दर ठोका फुल व्हॉल्यूमवर. दिवसरात्र. साडेपाच वर्षं.

२०२२ च्या जानेवारीत मित्र शेवटी त्यांना घेऊन गेला. टेक्निशियनने माऊससारखं दिसणारं एक यंत्र काकांच्या छातीवर ठेवलं. समोरच्या स्क्रीनवर आकडे उमटले. तो म्हणाला, "काका, बॅटरी साधारण चौदा महिने उरलीय."

"अजून चौदा महिने? पण सगळे तर दहा वर्षं म्हणतात," मित्र म्हणाला.

टेक्निशियनने थ्रेशोल्ड मोजला. पाऊण व्होल्ट! दिला जात होता पाच. डॉक्टरांना विचारून त्याने तो अडीचवर आणला. काकांना काहीही जाणवलं नाही. ना कळ, ना गुदगुली. स्क्रीनवरचा अंदाज मात्र बदलला. चौदा महिन्यांचे जवळजवळ दोन वर्षं झाले. चौपट का नाही झाले? कारण यंत्राचा स्वतःचा खर्च, म्हणजे ऐकणं, नोंदी ठेवणं, हा तर कमी होत नाही. तो लाल ठिपका कायम जळतच असतो.

"आणि हे पहिल्या तीन महिन्यांत केलं असतं तर?" मित्राने विचारलं.

"दहा-अकरा वर्षं सहज गेली असती," टेक्निशियन म्हणाला.

घरी परतताना गाडीत काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आयुष्यभर लोकांची मीटरं वाचली रे. स्वतःचं वाचायचं राहून गेलं."

मित्र सांगतो, "मला तेव्हा रडूच आलं. कारण फोन मी दर तासाला बघतो, किती टक्के उरलीय ते. बाबांचं मी साडेपाच वर्षांत एकदाही विचारलं नाही."

डोक्यातला पेसमेकर: सेकंदाला १३० वेळा!

हृदय बिचारं सेकंदाला एक ठोका मागतं. मेंदूचं तसं नाही.

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स झालेल्या काही पेशंटना 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' म्हणजे डीबीएस देतात. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या अलीम-लुई बेनाबीद यांनी याची आधुनिक पद्धत सुरू केली. मेंदूत खोलवर बारीक तारा, मानेच्या कातडीखालून खाली आलेली वायर, आणि गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरीची डबी. ठोके किती? साधारण सेकंदाला १३०. म्हणजे दिवसाला एक कोटी बारा लाखांच्या वर!

साहजिकच बॅटरी भराभर उतरते. रिचार्ज न होणारी डबी बहुधा तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. ती नकळत संपली तर थरथर, ताठरपणा सगळं एकदम परत येतं. क्वचित हे जिवावरही बेततं.

मग रिचार्जेबल का नाही? आहेत ना! पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त चालतील अशा आल्यात. पण त्यासाठी पेशंटने दर काही दिवसांनी छातीवर चार्जर ठेवून बसायचं. पंचावन्न वर्षांच्या टेक्नोसॅव्ही काकूंना हे सहज जमतं. ऐंशी वर्षांच्या, हात थरथरणाऱ्या, विसरभोळ्या आजोबांना? मग ते घरातल्या दुसऱ्या कुणाचं तरी काम होऊन बसतं. म्हणून डॉक्टर पेशंटबरोबर त्याचं घरही बघतात. सोबत कोण राहतं, कोण आठवण करून देणार. कागदावर उत्तम असलेली बॅटरी प्रत्येक घरात उत्तम ठरतेच असं नाही.

काटकसरीचा मंत्र मात्र इथेही तोच, गरजेपुरतंच. हातांची थरथर होणाऱ्या 'इसेन्शियल ट्रेमर' या आजारात झोपेत थरथर थांबते. त्यामुळे त्यातले काही पेशंट डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री यंत्र चक्क बंद करतात. झोपताना दिवा बंद, तसं. कंपवातात मात्र सहसा असं करत नाहीत, हे लक्षात ठेवा.

कंपवातासाठी जास्त हुशार उपाय शोधलाय. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या 'बीटा' नावाच्या लहरींचा जोर वाढतो. यंत्रानेच त्या ऐकायच्या आणि त्या वाढतील तेव्हाच काम करायचं. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आठ पेशंटवर हे करून पाहिलं. यंत्र चालू राहण्याचा वेळ ५६ टक्क्यांनी कमी झाला आणि हालचालीतली सुधारणा सतत चालणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त दिसली! म्हणजे कमी दिलं आणि जास्त मिळालं. बारा वर्षांनी, २०२५ मध्ये, अशा पद्धतीच्या डीबीएसला अमेरिका आणि युरोपात मान्यता मिळाली. एका पेशंटसाठी बेतलेलं प्रोग्रॅमिंग, तेही मिनिटामिनिटाला.

उरलेल्या बॅटरीचं काय?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली.

पेसमेकर असलेल्या माणसाचं निधन झालं, तर दहनाआधी तो काढावा लागतो, नाहीतर आगीत बॅटरीचा स्फोट होतो. बऱ्याचदा त्या डबीत अजून काही वर्षं शिल्लक असतात. माणूस गेला, बॅटरी उरली.

अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी मृतांच्या नातेवाइकांच्या संमतीने असे पेसमेकर गोळा केले. तीन वर्षांपेक्षा जास्त बॅटरी उरलेले तेवढे निवडले, निर्जंतुक केले आणि आपल्या मुंबईला पाठवले. वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ते ५३ गरजू पेशंटना बसवण्यात आले. या कामाचा अहवाल २०११ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिओलॉजी'मध्ये छापून आला. कुणीतरी कधीतरी परदेशात फॉलोअपला गेलं असेल, कुणी टेक्निशियनने अर्धा-पाऊण व्होल्ट कमी केला असेल, आणि त्यातून वाचलेली वर्षं मुंबईतल्या एका अनोळखी माणसाच्या छातीत धडधडली असतील. काटकसरीचं यापेक्षा छान फळ काय असू शकतं?

प्रयोग पुढेही चाललेत. सुमारे दोन ग्रॅम वजनाचा, व्हिटॅमिनच्या मोठ्या गोळीएवढा, तारच नसलेला पेसमेकर २०१६ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. तो थेट हृदयाच्या आत बसतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात तर २०१४ मध्ये मनगटी ऑटोमॅटिक घड्याळाचं यंत्र डुकराच्या हृदयावर बसवून, हृदयाच्याच हालचालीवर पेसमेकर चालवून दाखवला. बॅटरीच नाही! पण हे माणसांपर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात एकच गोष्ट आहे. तपासणी.

पुढच्या फॉलोअपला जाताना

तुमच्या घरी आई, बाबा, आजी, आजोबा, कुणालाही पेसमेकर असेल, तर हे कापून फ्रिजवर लावा.

• पेसमेकरबरोबर मिळालेल्या ओळखपत्राचा फोटो तुमच्या फोनमध्ये हवा. मॉडेल, तारीख, हॉस्पिटल सगळं त्यावर असतं.

• बसवल्यानंतर साधारण तीन महिन्यांची तपासणी अजिबात चुकवू नका. पुढच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्या अंतराने. बॅटरी संपत आली की त्या जवळजवळ येतात.

• साधा ईसीजी म्हणजे पेसमेकरची तपासणी नव्हे. त्यासाठी यंत्राशी बोलणारं मशीनच लागतं.

• चार प्रश्न विचारा: थ्रेशोल्ड किती? जोर किती ठेवलाय? किती टक्के ठोके यंत्राचे आहेत? बॅटरी किती उरलीय? आणि उत्तरं लिहून ठेवा.

• जोर स्वतः मोजून कमी करायची सोय यंत्रात आहे का, असेल तर चालू आहे का, हेही विचारा. पण 'कमी करा' असा हट्ट धरू नका. काही पेशंटना जास्त जोर खरोखरच लागतो.

• 'बदलायची वेळ झाली' असा इशारा यंत्राने दिला, की साधारण तीन महिने हाताशी असतात. घाबरायचं नाही, पण 'पुढच्या महिन्यात बघू' असंही म्हणायचं नाही.

• मोबाईल शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात नको. काही नव्या फोनमधल्या लोहचुंबकामुळे यंत्राचं काम तात्पुरतं बदलू शकतं. फोन छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा, असं अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये सांगितलंय.

आणि काका?

२०२४ च्या सुरुवातीला त्यांचा पेसमेकर बदलला. साडेसात वर्षांत. जायला हवी होती दहा-अकरा. वय ७४, त्यात डायबिटीस. जखम भरायला दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यात मित्र रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर टाक्यांची जागा बघायचा. लाल तर दिसत नाहीये ना? ताप तर नाही ना? सुदैवाने काही झालं नाही. पण ते सगळं तीन वर्षं उशिरा होऊ शकलं असतं, ही टोचणी त्याच्या मनातून जात नाही.

नव्या पेसमेकरची तीन महिन्यांची तपासणी आली, तेव्हा मित्राचं पुन्हा रिलीज होतं. या वेळी त्याने मॅनेजरला सरळ सांगितलं, "उद्या मी नाही." आणि सकाळी सहालाच साताऱ्याला निघाला. जोर अडीचवर आला. त्यानंतरच्या सगळ्या तारखा त्याच्या फोनमध्ये रिमाइंडरला लावलेल्या आहेत, आणि काकांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून. दोघांचाही एकमेकांच्या पद्धतीवर विश्वास नाही, म्हणून दोन्हीकडे!

परवा चहाच्या वेळी त्याने काकांना फोन लावला, स्पीकरवर. आम्ही सगळे ऐकत होतो.

"बाबा, काल तपासणीत किती निघाली?"

"दहा वर्षं चार महिने," काका ऐटीत म्हणाले. "तुझी?"

मित्राने स्क्रीनकडे बघितलं. "चार टक्के."

"मग ठेव आता फोन. उगाच जाळू नकोस!"